जहाज पळवणारा गुलाम, मताधिकारासाठी झुंजलेला खासदार : रॉबर्ट स्मॉल्स

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. हे आपल्यातील बहुतेकांना माहीत आहे. पण त्या वेळी खुद्द अमेरिकेत, दास्यातून सुटलेली माणसे काय करत होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्या वर्षी दक्षिण कॅरोलिना राज्याच्या वरिष्ठ सभागृहात रॉबर्ट स्मॉल्स नावाचे चौतीस वर्षांचे आमदार बसत होते. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ते स्वतः गुलाम होते.

स्मॉल्स यांचा जन्म ५ एप्रिल १८३९ चा, ब्यूफोर्ट गावातला. मालकाच्या घरामागच्या खोपटात. आई लिडिया त्याच घरात राबणारी गुलाम. बाराव्या वर्षी मालकाने मुलाला चार्ल्सटन बंदरात मजुरीला पाठवले. मजुरी मालकाची, मुलाच्या हाती आठवड्याला एक डॉलर. हॉटेलात काम, रस्त्यावरचे दिवे लावणे, मग गोदीत हमाली, शिडे शिवणे आणि शेवटी जहाजाचे सुकाणू धरणे. बंदरातील प्रवाह आणि उथळ जागा त्यांना तोंडपाठ होत्या. तरीही गुलामाला ‘पायलट’ म्हणायचे नाही असा गोऱ्यांचा दंडक, म्हणून काम पायलटचे आणि नाव फक्त ‘चाकवाला’. काम करून घ्यायचे पण पद द्यायचे नाही, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

सतराव्या वर्षी त्यांनी हॅना जोन्सशी लग्न केले. पुढे मुलगी झाली. पत्नी आणि मुलीला विकत घेऊन मोकळे करावे म्हणून त्यांनी मालकाशी बोलणी केली. किंमत ठरली ८०० डॉलर, गाठीला होते १००. तेवढ्यात १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सैन्याने ‘प्लँटर’ नावाची आगबोट घेतली आणि स्मॉल्स तिच्या चाकावर आले.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी झोपायला शहरात गेले. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्स आणि त्यांच्या साथीदारांनी बोट सुरू केली, दुसऱ्या धक्क्यावरून बायका-मुलांना घेतले आणि समुद्राची वाट धरली. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि त्याच्यासारखेच उभे राहिले. वाटेत दक्षिणेचे पाच किल्ले होते. प्रत्येक किल्ल्याजवळ ठरलेली शिट्टी बरोबर वाजवली. सर्वांत धोक्याचा फोर्ट सम्टर पार झाला तेव्हा उजाडू लागले होते. तोफांच्या टप्प्याबाहेर येताच दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केली. स्मॉल्स तेव्हा तेवीस वर्षांचे होते. बोटीवर सोळा माणसे होती, तोफा होत्या, शत्रूच्या गुप्त संकेतांची वही होती.

शौर्याची ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलांनाही सांगितली जाते. बहुतेक जण तिथेच थांबतात. आपण थांबू नये.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्मॉल्स वॉशिंग्टनला गेले. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या, ही मागणी त्यांनी युद्धमंत्री स्टँटन यांच्यापुढे मांडली आणि त्यानंतर दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांची भरती करण्याचा आदेश निघाला. ते स्वतः युद्ध संपेपर्यंत लढत राहिले. १८६३ मध्ये भर गोळीबारात ‘प्लँटर’चा गोरा कप्तान कोळशाच्या कोठारात जाऊन लपला, तेव्हा बोट स्मॉल्स यांनीच बाहेर काढली. त्यानंतर कप्तानपद त्यांच्याकडे आले.

आणि तरीही रीतसर हुद्दा नाही! १८६४ मध्ये फिलाडेल्फियात या युद्धवीराला गोऱ्यांसाठी राखलेल्या घोडा-ट्राममधून उतरवण्यात आले. १८८३ मध्ये त्यांना निवृत्त नौदल अधिकाऱ्यांच्या यादीत घेण्याचे विधेयक आले, ते बारगळले. हुद्द्याचा कागदच नव्हता ना! अखेर १८९७ मध्ये खास कायदा करून महिना ३० डॉलर पेन्शन मिळाली. आपल्याकडे १८९० नंतर इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केले. कोरेगावची लढाई अंगावर झेललेल्यांच्या वारसांनाही आपले शौर्य अर्जात लिहून द्यावे लागले.

युद्धानंतर स्मॉल्स ब्यूफोर्टला परतले. तिथले जुन्या मालकाचेच घर त्यांनी जप्तीच्या लिलावात विकत घेतले होते. दक्षिण कॅरोलिनात गुलामाला वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता, त्यामुळे अक्षरओळख त्यांना विशीनंतर झाली. या माणसाने १८६८ च्या राज्य घटना-परिषदेत सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीच्या सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला. पुढे ते विधानसभेत, वरिष्ठ सभागृहात आणि १८७५ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, निवडून गेले (आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी याचा संबंध नाही). पक्ष लिंकन यांचा, रिपब्लिकन.

काँग्रेसमध्ये त्यांची लढाई मुख्यतः एकाच गोष्टीसाठी होती : मत देण्याचा हक्क कागदावर आहे, पण तो वापरणाऱ्याचे रक्षण कोण करणार? १८७६ मध्ये त्यांच्या राज्यातील हॅम्बर्ग गावात गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीय शिपायांना मारले. स्मॉल्स यांनी सभागृहात मागणी केली की, राज्यातून केंद्राचे सैन्य हलवू नका. पुढच्याच वर्षी सत्तेच्या तडजोडीत सैन्याचे संरक्षण काढून घेतले गेले. गोऱ्यांच्या ‘लाल सदरे’वाल्या टोळ्या मोकाट सुटल्या. ज्या पक्षाला कृष्णवर्णीयांनी भरभरून मते दिली, त्याच पक्षाने हे केले.

त्याच १८७७ साली ५,००० डॉलरच्या लाचेच्या आरोपाखाली स्मॉल्स यांना शिक्षा झाली. साक्ष दिली होती स्वतः पैशांच्या अफरातफरीत सापडलेल्या एका माणसाने. १८७९ मध्ये माफी मिळाली. बदल्यात गोऱ्या पुढाऱ्यांवरचे निवडणूक गुन्ह्यांचे केंद्रीय खटले मागे घेतले गेले. या सौद्यावरूनच खटल्याचा हेतू काय होता ते समजते. यानंतरही ते पुन्हा निवडून आले आणि १८८७ पर्यंत, मध्ये खंड पडत, काँग्रेसमध्ये राहिले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस १८६२ चा नाही, १८९५ चा आहे. त्या वर्षी दक्षिण कॅरोलिनाने नवी घटना लिहायला घेतली. राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य, पण परिषदेतील १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय फक्त सहा. त्यांतले एक स्मॉल्स. मसुद्यात ‘काळ्यांना मत नाही’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते असे : मतदाराला घटनेतले कलम वाचता-लिहिता आले पाहिजे, नाहीतर त्याच्याकडे ३०० डॉलरची मालमत्ता हवी. कलम नीट वाचले की नाही, हे ठरवणार गोरा अधिकारी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाचायला शिकवणे गुन्हा होते, त्यांची आता वाचनाची परीक्षा! स्मॉल्स यांनी मुद्दा मुद्दा खोडून काढला. मत पडले, हरले, आणि त्या घटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला.

बाबासाहेबांनी १९२९ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्षरतेची अट नाकारून प्रौढ मताधिकार का मागितला, हे इथे लख्ख दिसते. निरक्षरता ही ज्यांच्यावर लादली, त्यांनाच तिच्यासाठी शिक्षा करता येत नाही. आपल्या संविधानातील अनुच्छेद ३२६ मध्ये शिक्षणाची किंवा मालमत्तेची अट नाही, ती अशी आपोआप गळून पडलेली नाही.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी स्मॉल्स ब्यूफोर्टच्या त्याच घरात वारले. दोन वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, नव्या राजवटीत त्यांची जकात अधिकाऱ्याची नोकरी गेली होती. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. स्मॉल्स यांच्या मृत्यूनंतर सुमारे आठवड्याभराने त्याच शहरात ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट लागला. दक्षिण कॅरोलिनातील कृष्णवर्णीय आमदारांना त्यात आडदांड आणि हास्यास्पद दाखवले होते. कोलंबियातच शिकवणारे इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य तेव्हा हेच विद्वत्तेच्या भाषेत लिहीत होते. याला सविस्तर उत्तर १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या ग्रंथातून दिले. आणि या ड्यू बॉइस यांनाच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाच्या प्रती मागवल्या.

१८९५ च्या घटनेचा परिणाम किती काळ टिकला? दक्षिण कॅरोलिनातील शेवटचे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य जॉर्ज मरे यांची मुदत १८९७ मध्ये संपली. त्यानंतर त्या राज्यातून पुढचे कृष्णवर्णीय सदस्य, जिम क्लायबर्न, काँग्रेसमध्ये बसले ते १९९३ मध्ये.