माळावरचा खुळखुळा

बंगळूरहून म्हैसूरकडे जाताना वाटेत चन्नपट्टण लागते. काळ्या कुड्याच्या लाकडाची, लाखेने रंगविलेली खेळणी हे त्या गावाचे भूषण. त्यांत तान्ह्या मुलांचे खुळखुळेही असतात. दसऱ्याचा सोहळा पाहून झाल्यावर आणखी काही दिवस आपला मुक्काम म्हैसुरास असेल, तर चामुंडीच्या टेकडीखालील माळावर एकदा अवश्य हिंडून या. निसर्गाने घडविलेला एक निराळाच खुळखुळा तेथे आपल्या पायाशी वाजण्याचा संभव आहे. सुमारे गुडघाभर उंचीचे, पिवळ्या फुलांचे हे रोप असते. त्याच्या वाळलेल्या, फुगीर शेंगेला धक्का लागला की आतले सुटे झालेले बी खुळखुळते.

मराठीत या वनस्पतीला खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. बंगालीत ती झुनझुनी, तमिळमध्ये किलुकिलुप्पै, तर तेलुगूत गिलिगिच्च. भाषा वेगळ्या असल्या तरी सर्वांनी नाव ठेवले ते आवाजावरूनच. शास्त्रज्ञांनीही तेच केले. लिनीअसने १७५३ साली नोंदविलेले 'क्रोटालॅरिया' हे वंशनाम चिपळीसारख्या वाद्याच्या ग्रीक नावावरून आलेले आहे. या वंशाच्या सुमारे सातशे जाती जगात असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आढळतात. आपल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा ताग हा याच वंशातला.

हे फूल हाती घेऊन पाहिले, तर वाटाण्याच्या फुलाशी त्याचे नाते चटकन ध्यानात येते. वरची मोठी पाकळी ती पताका, बाजूच्या दोन पाकळ्या ते पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली नाव ते नौतल. खुळखुळ्याच्या नौतलाला पुढे चोचीसारखे टोक असते. आत दहा पुंकेसर तळाशी एकमेकांस जोडलेले असून, त्यांपैकी पाचांचे परागकोश लांबट, तर पाचांचे लहान व गोलसर असतात. परागकोश फुटून परागकण चोचीत साठून राहतात. मध घेण्यासाठी भुंगा पंखांवर बसला की त्याच्या भाराने नौतल खाली दबते, आणि केसाळ किंजल पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे परागकण बाहेर ढकलतो. ते भुंग्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोचतात. भुंगा उडून गेला की नौतल पुन्हा वर येते आणि पुढच्या पाहुण्यासाठी सज्ज होते.

आता रोप हलकेच उपटून मुळे धुवून पाहा. त्यांवर लहान लहान गाठी दिसतील. एखादी ताजी गाठ चिरली, तर आतला गर गुलाबी दिसतो. हा रंग आपल्या रक्तातील रंगद्रव्याशी नाते सांगणाऱ्या एका द्रव्याचा असतो. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्रवायू वनस्पतीला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात, आणि त्यांच्या मोबदल्यात वनस्पती त्यांना शर्करा पुरविते. हेलरीगेल व व्हिल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८८ साली या सहकार्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. ताग फुलावर येताच जमिनीत गाडण्याची आपली जुनी चाल किती योग्य होती, हे त्यावरून कळते. म्हैसूरच्या राजांनी अमृतमहाल जातीच्या गुरांसाठी 'कावल' नावाची विस्तीर्ण कुरणे राखून ठेवली होती. अशा कुरणांत गवताच्या जोडीने उगवणाऱ्या शिंबावंत वनस्पती जमिनीचा कस टिकवून धरतात.

मात्र या गुणी कुळातील खुळखुळ्याच्या अंगी एक दोषही आहे, आणि तो प्रत्येक गृहिणीने जाणून घ्यावा असा आहे. खुळखुळ्याच्या अनेक जातींच्या पानांत व बियांत यकृतास घातक अशी अल्कलॉइड द्रव्ये असतात. त्यांपैकी एकाचे नाव मोनोक्रोटालीन. वनस्पतीला ही द्रव्ये शत्रूंपासून संरक्षण देतात. काही फुलपाखरांचे नर खुळखुळ्याच्या वाळक्या पानांवर जमून हीच द्रव्ये शोषून घेतात, आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यांपासून तयार करतात. माणसाच्या शरीरात मात्र त्यांच्यामुळे यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होऊ लागतात, पोटात पाणी साठते आणि प्रसंगी प्राणही जातो.

हे केवळ पुस्तकी भय नाही. सध्या छत्तीसगढमध्ये असलेल्या सरगुजा जिल्ह्यात १९७५ च्या सुमारास अशाच आजाराची साथ आली आणि तीत अनेकांचे प्राण गेले. वरीच्या जातीचे गोंदली नावाचे धान्य तेथील लोकांच्या रोजच्या जेवणात होते. त्या धान्यात खुळखुळ्याच्या एका ठेंगण्या जातीचे बी मिसळले होते, असे तपासात आढळले. शेतात तण म्हणून उगवलेले रोप पिकाबरोबर कापले गेले, त्याचे बी पिकाबरोबर मळले गेले, आणि नकळत ताटात आले.

यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. शेत स्वतःचे असेल, तर पिकातील खुळखुळा शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावा. वरी, नाचणी, राळा यांसारखी बारीक धान्ये पाखडून, चाळून व डोळ्यांखालून घालूनच वापरावीत. मूत्रपिंडाच्या आकाराचे, गुळगुळीत व चकचकीत परके बी दिसल्यास ते वेचून फेकून द्यावे. शिजविल्याने विष जाईल, या भरवशावर राहू नये. कोणी सांगितले म्हणून या झाडाचा काढा घेऊ नये, आणि मुलांनी शेंग वाजविली तरी तिचे बी त्यांच्या तोंडात जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

एवढी सावधगिरी बाळगली, म्हणजे या वनस्पतीशी वैर धरण्याचे कारण उरत नाही. माळावर तिला सुखाने वाढू द्यावे. भुंग्याला तिच्यापासून मध मिळतो आणि मातीला नत्र मिळते. आपणही मुलांचा हात धरून तेथे जावे, वाळकी शेंग कानाशी धरून हलवावी, आणि तिच्या आत काय दडले आहे ते त्यांना समजावून सांगावे. सुपात धान्य पाखडणाऱ्या आजीचा हात इतका दक्ष का असतो, हेही मग त्यांना आपोआप उमगेल.