लांब लहरींवर सावकाश बोलायचं ते आवाजातूनच
हौशी रेडिओची बाराखडी : भाग अकरावा

भिंगारहून दौंड फार लांब नाही. नगर स्टेशनवर गाडीत बसलं की ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. २३ जुलै १९२७ रोजी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा इंग्लंडचे संदेश ऐकणारं केंद्र दौंडला होतं आणि संदेश पाठवणारं खडकीला. त्याआधीच्या सरकारी योजनांमध्ये लांब लहरी होत्या. त्यासाठी अवाढव्य मनोरे, शेकडो किलोवॉट शक्ती आणि त्याच मापाचा खर्च लागणार होता. मार्कोनीच्या कंपनीने लघुलहरींचा झोत वापरून तेच काम फार कमी शक्तीत करून दाखवलं आणि लांब लहरींची सद्दी ओसरली. पुढे त्या पाणबुड्यांचे संदेश, वेळेचे संकेत आणि विमानांचे दिशादर्शक अशा मोजक्या कामांपुरत्या उरल्या.

त्याच लांब लहरींवर आज हौशी मंडळी परत आली आहेत. २००७ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेला दिला, तर २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ. पहिल्याची तरंगलांबी सुमारे २२०० मीटर, दुसऱ्याची ६३०. आजचा भाग पहिल्याबद्दल आहे. त्याची सगळी रुंदी २.१ किलोहर्ट्झ, म्हणजे एका माणसाचं साधं बोलणंही त्यात नीट मावत नाही. शिवाय एरियलमधून बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीवर १ वॉटची मर्यादा. एवढ्याशा जागेत आणि शक्तीत जे करता येतं ते म्हणजे अतिशय सावकाश पाठवलेले डिजिटल संकेत. ते तयार होतात संगणकाच्या साऊंडकार्डात, साध्या आवाजाच्या रूपात.

१ वॉट ही मर्यादा ऐकायला जाचक वाटते. प्रत्यक्षात तिथवर पोचणंच अवघड असतं. दुमजली घराच्या गच्चीवरच्या खांबापर्यंत दहा मीटर उभी तार आणि तिथून शेजारच्या कडुनिंबापर्यंत तीस मीटर आडवी, असं एरियल धरू. २२०० मीटरच्या लहरीला पाव तरंगलांबीचं एरियल हवं तर ते साडेपाचशे मीटर उंच लागेल. आपलं दहा मीटरचं. त्याचा प्रक्षेपण-रोध जेमतेम ०.०३ ओहम भरतो, आणि जमिनीतला व आजूबाजूच्या झाडा-भिंतींतला नुकसानीचा रोध सहज ७० ओहम असू शकतो. म्हणजे शंभर वॉट आत घातले तर तारेतून सुमारे १.२ अँपिअर प्रवाह जातो, त्यातले वॉटाच्या विसाव्या हिश्श्याइतके लहरी बनून निघतात आणि बाकी सगळे माती तापवतात. जमिनीलगतच्या उभ्या एरियलचा फायदा जमेला धरला तरी प्रभावी शक्ती ०.१५ वॉटच्या आत राहते. आपल्याकडचा काळा पाषाण आणि मे महिन्यात भेगाळलेली वरची माती लक्षात घेतली, तर अर्थिंगच्या तारा गाडताना कंजुषी करून चालणार नाही.

या एरियलची धारकता सुमारे २५० पिकोफॅरड धरली तर त्याला सुरात आणायला साडेपाच मिलीहेन्रीच्या आसपास कॉइल लागते. प्लास्टिकच्या बादलीवर किंवा जाड पीव्हीसी पाइपवर शेकडो वेढे घालून ती घरी बनवता येते. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. शंभर वॉटला या कॉइलच्या वरच्या टोकाशी पाच हजार व्होल्टच्या वर दाब असतो. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पतंगाच्या मागे धावणारी मुलं, पाण्याच्या टाकीवर चढणारा प्लंबर, यांपैकी कुणाचाही हात तिथे पोचता कामा नये.

म्हणजे शक्ती वाढवून फार काही साधत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, वेळ आणि स्थिरता. माझं स्पष्ट मत असं की लांब लहरींचं खरं कौशल्य या दोन्हींत आहे, आणि त्या दोन्ही आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकता येतात. म्हणून ट्रान्समीटरला हात लावण्याआधी आवाज समजून घ्या.

यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा संकेत म्हणजे व्हिस्पर. तो २००८ मध्ये जो टेलर यांनी तयार केला. द्वैती पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्या दोघांपैकी हे एक. गोंगाटात बुडालेली मंद, नियमित खूण कशी शोधायची हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आपल्या शेजारी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या पल्सारच्या मागावर असतात, तीही याच जातीची विद्या आहे.

व्हिस्परमध्ये संदेश असतो फक्त ५० बिटांचा. २८ बिट कॉलसाइनला, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावाला, १५ ठिकाणाला आणि ७ शक्तीला. ठिकाण सांगायला पृथ्वीवर आखलेल्या चौकटी वापरतात. भिंगारची चौकट एमके७९. याच चौकटीत शिर्डी येते, छत्रपती संभाजीनगर आणि जालनाही येतात. मुंबईचा बराचसा भाग शेजारच्या एमके६९ मध्ये, पुणे एमके६८ मध्ये.

या ५० बिटांमागे ३१ शून्यं जोडतात आणि मग प्रत्येक बिटाचे दोन करतात. एकूण १६२. ही दुप्पट म्हणजे नुसती पुनरुक्ती नाही. प्रत्येक नवा बिट आधीच्या ३२ बिटांच्या खिडकीतून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे वाटेत बरेच बिट विजेच्या खरखरीत गेले तरी उरलेल्यांवरून मूळ संदेश उभा राहतो. दुसऱ्या टोकाला कॉलसाइन मिळतं ते पूर्ण आणि अचूक, नाहीतर बहुधा मिळतच नाही.

हे १६२ चिन्हांक चार सुरांत पाठवतात. सूर १५०० हर्ट्झच्या आसपास धरले तर ते १४९७.८, १४९९.३, १५००.७ आणि १५०२.२ असे पडतात. दोन सुरांतलं अंतर १.४६ हर्ट्झ, म्हणजे तबला-पेटीवर कान तयार झालेल्यालाही या पट्टीत ते सुटे ओळखू येणार नाहीत. प्रत्येक सूर ०.६८ सेकंद टिकतो. सगळं मिळून ११०.६ सेकंद, आणि सुरुवात सम मिनिटानंतर एक सेकंदाने. जागतिक वेळेपेक्षा आपली वेळ साडेपाच तास पुढे असली तरी सम मिनिट आपल्याकडेही समच राहतं. संगणकाचं घड्याळ तेवढं इंटरनेटवरून जुळवून ठेवायचं.

मिरवणुकीच्या ढोल-ताशांत लांबच्या सनईचा एकच लांबवलेला सूर कान पकडून ठेवतो, कारण सूर हलत नाही आणि गजर सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो. सॉफ्टवेअर हेच मोजून करतं. खूण सहा हर्ट्झच्या फटीत आणि गोंगाट हजारो हर्ट्झभर, त्यामुळे फटीपुरता गोंगाटच तिच्या वाटेला येतो. सूर जितका जास्त वेळ धराल तितकी फट अरुंद करता येते.

हे वाचून पटण्यापेक्षा करून पाहा. लागतो एक लॅपटॉप, डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि ऑडॅसिटी. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये व्हिस्पर निवडा, आपलं किंवा तुमच्या क्लबचं कॉलसाइन आणि एमके७९ भरा, आणि त्याने काढलेला आवाज ऑडॅसिटीत मोनो, १२००० नमुने प्रतिसेकंद या वेगाने ध्वनिमुद्रित करा. रेडिओ जोडलेला नसल्याने यातलं काहीच हवेत जात नाही. सुरुवातीला एक सेकंदाची शांतता राहू द्या. आता दुसऱ्या ट्रॅकवर दोन मिनिटांचा पांढरा गोंगाट तयार करा, मात्रा ०.५. खुणेचा ट्रॅक ०.०२ पर्यंत खाली आणा, दोन्ही मिसळा, १६ बिटांची वेव्ह फाइल काढा आणि ती डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये उघडा. स्पीकरवर नुसता पावसासारखा आवाज येईल. पडद्यावर मात्र कॉलसाइन उमटेल. मग खूण ०.०१ वर आणा. गोंगाटाची मात्रा आता तिच्या पन्नासपट आहे. हिशेबाने हे २५०० हर्ट्झच्या रुंदीत उणे २८ डेसिबल पडतं, आणि तरीही ती वाचली जाते. त्याखाली किती जाता येतं ते स्वतः शोधा. आठवी-नववीतल्या मुलांकडून हा प्रयोग शाळेच्या संगणक कक्षात करून घ्यावा असं मला फार वाटतं. एका दुपारचं काम आहे, आणि डेसिबल म्हणजे काय हे त्यांना नंतर कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

२०२१ मध्ये डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या २.३ आवृत्तीत लांब लहरींसाठी मुद्दाम घडवलेले संकेत आले, त्यांना एफएसटी४डब्ल्यू म्हणतात. त्यातला सर्वांत सावकाश संकेत अर्धा तास चालतो. एकेक सूर ११.२ सेकंद, दोन सुरांत अंतर ०.०८९ हर्ट्झ. दोन मिनिटांच्या जागी तीस मिनिटं म्हणजे पंधरापट वेळ, आणि लागणारी शक्तीही जवळपास पंधराव्या हिश्श्यावर येते. तो उणे ४५ डेसिबलच्या जवळ वाचला जातो. वर एरियलच्या हिशेबात मातीत गेलेली शक्ती आठवा. तिची भरपाई इथे होते, आणि तिला पैसे पडत नाहीत, थांबावं लागतं.

आता १५०० हर्ट्झचा आवाज १३७.५ किलोहर्ट्झवर कसा न्यायचा? नेहमीची वाट अशी की एका बाजूचा पट्टा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची तबकडी, किंवा त्यापुढे जोडलेल्या ट्रान्सव्हर्टरची, १३६.० किलोहर्ट्झच्या बरोबरीला ठेवायची. त्यात आवाजाचे दीड किलोहर्ट्झ मिळवले जातात. १५०० हा आकडाही विचारपूर्वक घेतलेला आहे. साऊंडकार्ड जास्त चढवलं तर दुप्पट वारंवारतेचा सूर उमटतो, तो ३००० वर पडतो आणि ट्रान्समीटरचा फिल्टर त्याला बहुतांशी अडवतो. मूळ सूर ८०० वर असता तर त्याची दुप्पट १६०० थेट बाहेर गेली असती.

घरोघरी आढळणारं खरं दुखणं निराळं असतं, ते म्हणजे घुंई. लॅपटॉपचं अर्थिंग आणि रेडिओचं अर्थिंग यांचं वेटोळं झालं की ५० आणि १०० हर्ट्झची घुंई सुरांवर चढते, आणि व्हिस्परच्या २०० हर्ट्झच्या खिडकीत मूळ खुणेच्या दोन्ही बाजूंना तिची भुतं दिसतात. दूरच्या श्रोत्याला एकाच कॉलसाइनची तीन स्टेशनं मिळतात. उपाय स्वस्त आहे. मध्ये ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. संगणकाचे सूचनेचे आवाज बंद करा, ध्वनी 'सुधारणारे' सगळे परिणाम बंद करा, आणि पातळी रेडिओची आपोआप आवर घालणारी सुई जेमतेम हलेल एवढीच ठेवा. जास्त आवाजाने संदेश लांब जात नाही, शेजारच्याची जागा मात्र घाण होते. २.१ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्या जगाला राहायचंय.

दुसरी वाट ट्रान्समीटरच वगळते. प्रतिसेकंद ३,८४,००० नमुने देणारी यूएसबी ध्वनिपेटी त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १९२ किलोहर्ट्झपर्यंत, सूर काढू शकते. त्यामुळे तत्त्वतः १३७.५ किलोहर्ट्झ तिच्यातून थेट निघतात. १,९२,००० नमुन्यांची पेटी ९६ वरच थांबते. इथे दोन अडचणी येतात. २४६.५ किलोहर्ट्झवर खुणेची प्रतिमा उमटते, ती पुढच्या फिल्टरने कापायला हवी. आणि पेटीतल्या स्फटिकात दशलक्षात ५० भागांची चूक असेल तर १५०० हर्ट्झवर ती ०.०८ हर्ट्झच्या आत राहते, १३७.५ किलोहर्ट्झवर मात्र ६.९ हर्ट्झ होते, म्हणजे अख्ख्या व्हिस्पर संकेताच्या रुंदीपेक्षा जास्त. स्थिर चूक सावरता येते. संदेश चालू असताना तापून सरकणारी नाही. अर्ध्या तासाच्या संकेताला तर जीपीएसवर बांधलेलं घड्याळच लागतं.

ऐकण्याच्या बाजूला भिंगारला ऋतू सांभाळावे लागतात. वळवाच्या दिवसांत विजांचे कडकडाट शेकडो किलोमीटरवरून या पट्ट्यात येऊन आदळतात, तेव्हा कमाईची आशा थोडी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उत्तम. घरातले शत्रू वेगळे, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, स्कूटरचा चार्जर. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर ठेवून लगेच ऐकायला बसा, अशी शांतता पुन्हा लवकर मिळत नाही. आपलं कार्ड लांब लहरींना किती जागं आहे हे पाहायचं असेल, तर ४८ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डाला तारेच्या मोठ्या वेटोळ्याची जोड द्या आणि स्पेक्ट्रम लॅब सॉफ्टवेअरमध्ये १८.२ किलोहर्ट्झवर नजर ठेवा. तिथे उमटणारी जाड रेघ तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राची असते, भिंगारपासून सुमारे १२०० किलोमीटर. मध्ये रेडिओ असा काही नाहीच, तार आणि साऊंडकार्ड.

प्रक्षेपण मात्र परवान्याशिवाय करायचं नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. परवान्यासोबत येणाऱ्या यादीत जे पट्टे लिहिलेले असतील तेच आपले. परिषदेने जगाला काय दिलं यावरून आपण होऊन अर्थ काढू नये. आणि भिंगार कॅम्पात राहणाऱ्यांनी खांब उभा करण्याआधी छावणी परिषदेत चौकशी करावी, लष्करी हद्दीचे नियम वेगळे असतात.

पुढच्या भागात ती कॉइल गुंडाळू. जाड तार, पीव्हीसी पाइप आणि धारकता मोजणारा मीटर जमवून ठेवा.