टायरवरचा १०६

पिकअपचे टायर बदलायला गेलेला माणूस दोनच गोष्टी विचारतो: केवढ्याला आणि किती किलोमीटर चालेल? खरी माहिती टायरच्या बाजूवरच छापलेली असते. ‘१९५ आर १५’ हे झालं माप. त्यापुढचा १०६ हा भारांक, म्हणजे हवा नेमकी असेल तर एका टायरला ९५० किलो. १५ इंची रिमच्याच कारच्या टायरवर ९१ दिसेल, तो फक्त ६१५ किलोंचा. मागच्या दोन चाकांत फरक पडला ६७० किलोंचा! नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट लादून वाशीला निघालेल्या गाडीला तो महागात पडतो. ओझं जास्त किंवा हवा कमी असली, की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, आतलं रबर तापतं, थर सुटतात. मे महिन्यात टायर फुटला की आपण नुसत्या उन्हाला बोल लावतो.

जाडजूड नक्षीचा मोह डांबरी रस्त्यासाठी उगाचच. आवाज वाढतो, डिझेलही. रोज चिखलात जाणाऱ्यांनी जरूर घ्यावी.

पैसे मोजण्याआधी टायरवरची चार आकडी उत्पादन-तारीख वाचा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.