जुन्या गाडीची चावी चालू इंजिनात हातात येतेय? इग्निशन लॉकची झीज का धोकादायक, समजून घ्या

खंबाटकी घाट उतरताना पायाशी काहीतरी खळकन पडलं. बघितलं तर गाडीची चावी. इंजिन मात्र सुरूच. स्टिअरिंगवरचे बाबा शांतपणे म्हणाले, "उचलून ठेव. ती येते अशीच बाहेर."

आमची हॅचबॅक २००७ सालची. चावीचा हा प्रकार दोन वर्षं सुरू होता आणि घरात कुणालाच तो बिघाड वाटत नव्हता. उलट गाडी बंद न करता चावी काढून डिकी उघडता येते, ही सोयच वाटत होती.

जुनी गाडी असलेल्या अनेक घरांत अशी एखादी 'ट्रिक' असते. चावी थोडी बाहेर ओढायची, स्टिअरिंग डावीकडे दाबायचं, मग फिरवायची. नवखा माणूस बसला तर त्याला गाडी सुरूच करता येत नाही आणि आपल्याला त्याचं कौतुक वाटतं. प्रत्यक्षात ही इग्निशन लॉक झिजल्याची खूण असते.

लॉकच्या आत काय घडतं?

आपण चावी घालतो तो भाग म्हणजे लॉक सिलिंडर. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना वेफर म्हणतात. चावी आत गेली की तिच्या खाचांमुळे प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर येते. सगळ्या पट्ट्या सिलिंडरच्या कडेशी समपातळीत आल्या तरच तो फिरतो. एक जरी वर-खाली राहिली तरी अडतो.

फिरल्यानंतर याच पट्ट्या दुसरं काम करतात. बाहेरच्या कवचामुळे त्यांना हलायला जागा उरत नाही आणि त्या चावीच्या खाचांत रुतून बसतात. म्हणून चांगल्या लॉकमधून 'ऑन' स्थितीत चावी ओढली तरी निघत नाही.

दिवसातून चार वेळा गाडी सुरू केली, तर १५ वर्षांत चावी वीस हजारांहून अधिक वेळा आत-बाहेर होते. त्यात धूळ आणि पावसाळ्यातली ओल. चावीच्या खाचांच्या कडा गोल होतात, पट्ट्याही झिजतात. मग कधी पट्टी पुरेशी उचलली जात नाही आणि चावी अडते, तर कधी पट्टी चावीला धरून ठेवू शकत नाही आणि चावी निसटते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

दोष लॉकचा की स्विचचा?

गॅरेजमध्ये बऱ्याचदा इथेच गल्लत होते. लॉक सिलिंडर हा यांत्रिक भाग. त्याच्या मागच्या टोकाला जोडलेला इग्निशन स्विच हा विजेचा भाग. चावी फिरवायलाच जड जात असेल, तर संशय लॉकवर किंवा चावीवर घ्या. चावी सहज फिरते, पण ती हलवली की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात किंवा चालतं इंजिन मध्येच बंद पडतं, तर स्विच तपासायला सांगा. चावी फिरते, दिवे लागतात आणि नुसतं 'टक-टक' ऐकू येतं, तर आधी बॅटरी बघा.

चावी अजिबात फिरत नसेल तर घाबरण्याआधी स्टिअरिंग हलवून पाहा. पार्क करताना चाकं वळलेली राहिली असतील, तर स्टिअरिंग लॉकच्या खिट्टीवर ताण येतो. स्टिअरिंग हलक्या हाताने दोन्ही बाजूंना हलवत चावी फिरवली की ती सुटते. रोज मात्र हेच करावं लागत असेल, तर तपासणी हवी.

एका छोट्या भागामुळे १२४ मृत्यू

चावीच्या मागचा हा छोटा भाग किती महागात पडू शकतो, हे अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सने फेब्रुवारी २०१४ मध्ये शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. पुढे हा आकडा जगभरात सुमारे २६ लाखांवर गेला. दोष इग्निशन स्विचमध्ये होता. चावी 'रन' स्थितीत धरून ठेवणारा स्प्रिंगचा जोर ठरलेल्या मापापेक्षा कमी होता. जड जुडगा लटकत असेल, खड्ड्यात दणका बसला किंवा गुडघा लागला, तर चावी आपोआप 'अ‍ॅक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकला मिळणारी मदत बंद. त्यात धडक झालीच, तर एअरबॅगही उघडायची नाही.

कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने फौजदारी प्रकरणात अमेरिकी सरकारला ९० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला यातला एक तपशील जास्त खुपतो. स्विचचं डिझाइन २००६ मध्येच गुपचूप सुधारलं गेलं होतं, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे कागदावर जुना आणि नवा स्विच सारखाच. एका अपघाताच्या खटल्यात तज्ज्ञाने जुना स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा आतला फरक दिसला.

आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट एप्रिल २०१४ मध्ये आली. याच गाड्यांचे लॉक सिलिंडरही बदलण्याचा निर्णय झाला. कारण इंजिन सुरू असताना चावी बाहेर येत होती. गाडी बंद झाली, गिअरमध्ये आहे असं समजून चालक उतरला, तर ती घरंगळू शकते. आमच्या घरात जी सोय होती, तिच्यासाठी तिथे लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. नवे भाग मिळेपर्यंत कंपनीने चालकांना सल्ला दिला : जुडग्यातून बाकी सगळं काढा, फक्त गाडीची चावी ठेवा.

आधी चावी बघा, मग लॉक

खर्चात पडण्याआधी कपाटातली दुसरी चावी शोधा. तिने लॉक मऊ फिरलं, तर झीज मुख्यतः रोजच्या चावीची आहे. अशा वेळी नवी चावी बनवताना मोठी चूक होते : झिजलेली चावीच नमुना म्हणून दिली जाते. मशिन समोरच्या चावीची हुबेहूब नक्कल करतं, म्हणजे झीजही नव्या चावीत उतरते. नक्कल न वापरलेल्या चावीवरूनच करा. काही गाड्यांसोबत चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी किंवा टॅग मिळतो. त्यावरून मूळ मापाची चावी कापता येते. गाडीत इमोबिलायझर असेल, तर चावीत चिप असते. चिप नसलेली नक्कल फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही.

आणि हो, खोबरेल तेल नको. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूचं ते औषध असतं, पण लॉकमध्ये ते धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं. कोरडी ग्रॅफाइट पावडर चालते. ती नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मात्र हे अडणाऱ्या लॉकसाठी. निसटणाऱ्या चावीवर याचा उपयोग नाही.

एक 'जुगाड' टाळाच. अडणाऱ्या पट्ट्या कानशीने घासून किंवा काढून टाकून लॉक सुरळीत करून देणारे भेटतात. चावी लोण्यासारखी फिरते खरी. पण मग ते लॉक दुसऱ्या चावीने, कधीकधी स्क्रू-ड्रायव्हरनेही फिरू शकतं.

लॉक बदलताना विम्याचा विचार

गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात. म्हणून लॉक बदललं तर जुन्या चाव्या फेकू नका. कामाचं बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि विमा कंपनीला ई-मेलने कळवून ठेवा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर?

स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्रेकमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकी मदत शिल्लक असते, त्यामुळे पॅडल पुन्हा पुन्हा न मारता एकदाच जोरात दाबून ठेवा. इंडिकेटर किंवा हॅझर्ड देत गाडी कडेला घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी 'लॉक'वर नेऊ नका आणि काढू तर अजिबात नका, स्टिअरिंग अडकेल.

आमच्या गाडीचं काय झालं? कपाटातली चावी सापडली. ती छान फिरली, पण 'ऑन'वर ओढली तर तीही बाहेर आली. म्हणजे पट्ट्याच झिजल्या होत्या. दारांची लॉक ठीक असल्याने फक्त इग्निशनचं सिलिंडर बदललं. जुडग्यातून घराच्या दोन चाव्या, स्कूटरची चावी आणि पितळी गणपती उतरला. आता दाराची चावी वेगळी, इग्निशनची वेगळी. बाबा रोज आधी चुकीचीच चावी घालतात आणि डिकी उघडायला गाडी बंद करावी लागते म्हणून अजून कुरकुरतात.