अनुबोधपटातील सत्य

अनुबोधपट नाना प्रकारचे असतात. कोणाला कलावंतांची चरित्रे आवडतात, कोणाला दूरदेशच्या लोकांचे जीवन, तर कोणाला रानातील पशुपक्षी. परंतु या सर्वांकडून प्रेक्षकाची अपेक्षा एकच : जे दिसते ते खरे असावे. ही अपेक्षा कितपत पुरी होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, रचनेवाचून अनुबोधपट होत नाही. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या चित्रात कॅनडाच्या हिमप्रदेशातील इन्यूइट लोकांचे जीवन आहे. बर्फाच्या घरात पुरेसा उजेड मिळेना. तेव्हा अर्धेच घर उभारून ‘आतली’ दृश्ये उघड्यावर घेतली. येथवर ठीक. परंतु त्या लोकांत तोवर बंदुका आल्या असताना, शिकार मात्र जुन्या भाल्याने करविली. पहिली तडजोड उजेडासाठी होती; दुसरीने वर्तमानकाळच झाकला गेला.

चरित्रपटाची अडचण निराळी. रवीन्द्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त सत्यजित राय यांनी १९६१ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांच्यावर अनुबोधपट केला. त्यातील बाळपणाचे प्रसंग नटांकडून करविलेले आहेत. तरीही येथे कोणाची फसवणूक होत नाही. कारण १८६१ साली जन्मलेल्या मुलाचे चलच्चित्र कोणी घेतलेले नसणार, हे प्रेक्षक जाणतोच.

निसर्गपटात मात्र अशी जाण मदतीला येत नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या चित्रात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात पडताना दिसतात. चित्राला ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे १९८२ साली कॅनडाच्या सीबीसीने उघडकीस आणले की, ते प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून लोटलेले होते. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करीत नाहीत. पण या दृश्याने तो समज जगभर पक्का केला.

तेव्हा रचना केली की नाही, हा प्रश्न गौण होय. ती प्रेक्षकाला ओळखता येते की नाही, हा खरा प्रश्न. चरित्रपटातला नट आपण ओळखतो. लोटलेला लेमिंग ओळखता येत नाही, आणि त्याला स्वतः तक्रारही करता येत नाही. म्हणून जे चित्र सर्वांत निरागस वाटते, त्याच्याच बाबतीत रसिकाने अधिक चौकस असावे.