भायखळ्याच्या एका चकरेत पाच विषयांचं जीके. नुसतं पाठ करणारे इथेच चुकतात!

भायखळा (मुंबई) : पोलीस भरती असो की तलाठ्याची परीक्षा, सामान्य ज्ञानाच्या एका मार्कावर नोकरी हुकलेली पोरं प्रत्येक गावात सापडतील. मोबाईलवर जीकेचे मेसेज रोज येतात. पण उत्तर पाठ असतं, त्यामागचं कारण माहीत नसतं. प्रश्नातला एक शब्द बदलला की गोंधळ होतो. मुंबईतल्या भायखळा परिसरातून एक चक्कर मारली तर असे बरेच प्रश्न कायमचे डोक्यात बसतात.

१) रेल्वे : 'प्रवासी' हा शब्द विसरू नका

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. 14 डबे, सुमारे 400 प्रवासी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. अंतर 34 किलोमीटर. ही गाडी भायखळ्यावरूनच गेली. इथल्या जुन्या स्टेशनची दुरुस्ती मूळ रूप राखून केल्याबद्दल 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

पण ही भारतातली पहिली 'प्रवासी' रेल्वे. त्याआधी 1837 मध्ये मद्रासजवळ दगड वाहून नेणारी रेड हिल रेल्वे होती आणि 1851 मध्ये रुडकीला कालव्याच्या कामासाठी इंजिन धावलं होतं. म्हणून प्रश्न नीट वाचा, मग पर्याय निवडा.

२) प्लेगची लस : भायखळ्याच्या तुरुंगातली परीक्षा

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. माणसं पटापट मरू लागली, शहर सोडून गावाकडं पळू लागली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं 10 मार्च 1897 रोजी याच रोगानं निधन झालं.

प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. लस मात्र तयार केली वाल्डेमर हाफकिन यांनी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पद्धत आपल्याला समजेल अशी आहे. पोषक रसात जंतू वाढवायचे. रसावर तुपाचे थेंब सोडले की त्याला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. पुढं खरा जंतू आला की शरीर तयार असतं.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. काही कैद्यांनी स्वखुशीनं लस घेतली, काहींनी घेतली नाही. जेवण तेच, जागा तीच. फरक फक्त लसीचा. लस न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू जास्त निघाले. दोन गट सारखे ठेवून तुलना करायची, हीच औषध पारखण्याची पद्धत आजही वापरतात. शेतात अर्ध्या वाफ्याला खत टाकून अर्धा तसाच ठेवावा, तसंच हे.

पुढं ही प्रयोगशाळा परळला गेली. 1925 पासून तिचं नाव हाफकिन संस्था.

३) राणीची बाग : पेंग्विनला बर्फ लागतोच असं नाही

1862 मध्ये सुरू झालेल्या या बागेचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 2016 मध्ये इथं हम्बोल्ट पेंग्विन आणले. हे पक्षी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथं बर्फ नसतो, पण समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. म्हणून बागेत त्यांना गार खोलीत ठेवलंय.

काळा घोडा चौकातला मूळ घोडा कुठं आहे, हाही हमखास फसवणारा प्रश्न. राजपुत्र एडवर्ड स्वार असलेला तो पुतळा 1965 मध्ये याच बागेत हलवला. आज चौकात दिसतो तो 2017 चा, बिनस्वाराचा नवा घोडा.

४) खेळ : गल्लीतला बास्केटबॉल

शेजारच्या नागपाड्याच्या मैदानावरून अब्बास मुंतसिर भारताचे बास्केटबॉल कर्णधार झाले. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकला एकदाच गेला, 1980 ला मॉस्कोत.

५) सिनेमा : पहिला मूक, पहिला बोलपट

भायखळ्याहून थोडं पुढं गिरगाव. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी इथल्या कोरोनेशन थिएटरात लागला. पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 ला मॅजेस्टिकमध्ये. 'पहिला मूकपट' की 'पहिला बोलपट', एवढं बघूनच उत्तर द्या.

जायचं कसं?

गावाकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून मध्य रेल्वेची लोकल धरावी. भायखळ्याला पूर्वेला उतरलं की राणीची बाग चालत जाण्यासारखी आहे. शेजारीच 1872 मध्ये सुरू झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दोन्ही बुधवारी बंद असतात, तेवढा वार सोडून जा. पोरांना सोबत घ्या. पुस्तकात चार वेळा वाचून न राहिलेलं एकदा बघून लक्षात राहतं.