मोटरहोम घ्यायचंय? आधी गल्ली मोजा, मग गाडीची लांबी ठरवा

बारामती-इंदापूरकडच्या आपल्या घरांत अजमेरला किंवा गुलबर्ग्याला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो अम्मी-दादींचा. गुडघे दुखतात, शुगर आहे, वाटेत बाथरूमची सोय कुठे? ढाब्यावरच्या संडासात बायका जायला तयार नसतात. जेवणही घरच्या हाताचं हवं. म्हणून आता काही कुटुंबं टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात बंक, ओटा आणि टॉयलेट बसवायचा विचार करतायत. विचार चांगला आहे. चूक होते ती लांबी निवडताना. "घरात अकरा माणसं आहेत, मग सगळ्यात मोठी घ्या," असं म्हणून मोकळे होतात.

फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर आपल्याच पुण्यातल्या आकुर्डीच्या कंपनीची. कंपनीचं नाव 2005 पर्यंत बजाज टेम्पो होतं, म्हणून आपण अजून तिला टेम्पोच म्हणतो. ती 3050, 3350, 3700 आणि 4020 अशा व्हीलबेसमध्ये येते. व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. गाडीची पूर्ण लांबी याहून बरीच जास्त असते. मागच्या चाकाच्या पुढे जी शेपटी जाते, ती नियमाने व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे 4020 ला जवळजवळ 2.4 मीटर. गल्लीत वळताना हीच शेपटी बाहेर फेकली जाते आणि शेजाऱ्याच्या ओट्याला लागते.

वळणाचा हिशेब बघा. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापून जातं. 7 मीटर त्रिज्येचं वळण धरलं, तर 3050 ची गाडी साधारण 70 सेंटीमीटर आत कापते आणि 4020 ची सव्वा मीटरच्या वर. व्हीलबेसमधला फरक मीटरभरच, पण आत कापण्याचं अंतर पावणेदोन पटींनी वाढतं. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर गटार, विजेचा खांब किंवा कुणाची बुलेट उभी असेल तर हे अर्धा मीटर खूप होतं.

हायवेला ही अडचण नाही. इंदापूरहून सोलापूरमार्गे गुलबर्ग्याला जाताना मोठी गाडी मजेत चालते. पण ऊस हंगामात बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीकडून इंदापूरला येऊन बघा. दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागे एक. लांब गाडी ओव्हरटेकला काढायची तर छाती लागते. आणि मुलगी कोकणात दिली असेल, भोरवरून वरंधा घाटाने महाडला जायचं असेल, तर मोठी गाडी घेण्याआधी दहादा विचार करा.

मग किती लांब घ्यायची? माझं म्हणणं असं, की किती जण जाणार हे मोजू नका, रात्री आत झोपलंच पाहिजे असे किती आहेत ते मोजा. अम्मी, अब्बा, सून आणि लहान मूल, असे बहुतेक घरांत चारच निघतात. बाकीचे लॉजवर किंवा मुसाफिरखान्यात झोपतील, मागून कारने येतील. एका बंकला सहा फूट लागतात. एका बाजूला दोन बंक म्हणजे बारा फूट. समोरच्या बाजूला तीन फुटांचा ओटा, अडीच-तीन फुटांचं टॉयलेट आणि सहा फुटांची बसायची जागा, तेही बाराच. ड्रायव्हरच्या सीटमागे एवढी जागा मिळते का, ते शोरूममध्ये टेप लावून बघा. आडवं झोपायचा विचार असेल तर आतली रुंदीही मोजा. उंच माणसाचे पाय दुमडतात. चार-पाच जणांसाठी मी 3700 पासून बघायला सुरुवात करीन आणि 4020 कडे शेवटी वळेन.

नमाजसाठी आत वेगळी जागा हवी म्हणून दोन फूट जास्त लांबी घेणारेही भेटतात. गरज नाही. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, आणि गाडी कुठे कशी उभी राहील ते आपल्या हातात नसतं. दाराबाहेर ताडपत्रीचं छप्पर लावा, खाली मुसल्ला अंथरा. वुजूच्या पाण्याचा विचार मात्र नीट करा. सहा माणसं, पाच वेळा, लोट्याने एक-एक लिटर, म्हणजे दिवसाला 30 लिटर. नळ सोडून बसलात तर शंभरही पुरणार नाही. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी पार मागे शेपटीत बसवली तर मागचा भार वाढतो आणि पुढची चाकं हलकी पडतात. टाकी दोन्ही चाकांच्या मध्येच घ्या.

लायसन्सची भीती बाळगू नका. 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी कारच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर चालते. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्या वजनापर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीसुद्धा याच लायसन्सवर चालवता येते असा निकाल दिला. कागदाचं काम दुसरीकडे आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करता येत नाही. "मागे दोन फूट वाढवून देतो," असं गॅरेजवाला म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे का विचारा आणि पैसे देण्याआधी बारामतीच्या आरटीओत, म्हणजे एमएच-42 ला, जाऊन ती गाडी कशी नोंदवली जाईल याची खात्री करा.

व्याजाचं कर्ज नको म्हणून आपल्यातले बरेच जण वर्षानुवर्षं साठवून रोख गाडी घेतात. तिथे चुकीची लांबी फार महागात पडते. आमच्या नात्यातल्या एका घराने मोठी गाडी घेतली. ती गल्लीत शिरेना. मग हायवेलगत भाड्याच्या जागेत उभी राहायची आणि अम्मीला तिथपर्यंत रिक्षाने न्यावं लागायचं. वर्षभरात विकली.

म्हणून घेण्याआधी दोन कामं करा. अंगणात किंवा मोकळ्या प्लॉटवर फक्की मारून गाडीचा आतला नकाशा खऱ्या मापात आखा आणि घरच्यांना त्यात झोपून, उठून, टॉयलेटपर्यंत चालून बघू द्या. मग ज्या व्हीलबेसची घ्यायची तीच ट्रॅव्हलर दोन दिवस भाड्याने आणा. गुलबर्ग्याला जाऊन या, आणि परत आल्यावर रात्री नऊ वाजता, सगळ्यांच्या गाड्या लागलेल्या असताना, ती आपल्या दारापर्यंत आणून बघा.